नवागतांसाठी लिहिलेले गद्य : लिनक्स कर्नलच्या मार्गदर्शक लेखनाची मांडणी

नियमावल्या, सूचनापत्रे, कार्यपद्धतीच्या पुस्तिका यांचे गद्य समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. त्यास वाङ्मय म्हणावे की नाही, हा वाद येथे उपस्थित करण्याचे प्रयोजन नाही. एवढे मात्र निश्चित की, अशा गद्याचा वाचक कादंबरीच्या वाचकापेक्षा अधिक अगतिक असतो. कादंबरी कळली नाही तर ती मिटून ठेवता येते. नियमावली कळली नाही तर काम अडते, आणि ते का अडले हेही पुष्कळदा समजत नाही. म्हणूनच या गद्यात मांडणीला जे महत्त्व येते ते ललित गद्यात क्वचितच येते. कोणती गोष्ट आधी सांगितली, कोणती मागून, कोणती मुळीच सांगितली नाही, यावर एखादा मनुष्य समुदायात येणार की दारातूनच परत फिरणार हे ठरते.

या प्रकारच्या लेखनाचा एक विशेष वर्ग मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांमुळे उदयास आला आहे. ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर कोणासही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो, त्याच्या घडणीत सहभागी होऊ इच्छिणाऱ्या बाहेरच्या माणसास ‘काम कसे करावे व ते आमच्यापर्यंत कसे पोचवावे’ हे सांगणारे हे लेखन होय. त्याची चिकित्सा करण्यासाठी लिनक्स कर्नलचे उदाहरण आम्ही मुद्दाम निवडले आहे. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. संगणकाची यंत्रसामग्री आणि तिच्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामधला दुवा. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याची वार्ता जगास दिली. आज त्याच्या एकेका आवृत्तीस सुमारे दोन हजार माणसांचा हातभार लागतो आणि त्यांपैकी दोनशेहून अधिक जण प्रथमच आलेले असतात. दर नऊ-दहा आठवड्यांनी एवढी नवी माणसे ज्या दारातून आत येतात, त्या दारावर काय लिहिले आहे हे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

हे लेखन कोणा एका संपादकाने योजून लिहिलेले नाही, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. ते साचत गेलेले आहे. त्यातील जवळजवळ प्रत्येक लेखाच्या मुळाशी कोणाची तरी एखादी तक्रार आहे. ‘कोडिंगस्टाइल’ हा टोरवाल्ड्स यांचा लेख घ्या. ओळ किती आत सरकवावी, कंस कोठे उघडावा, नावे कशी द्यावीत, एवढाच त्याचा विषय. परंतु त्याची भाषा वादविवादाच्या व्यासपीठावरची आहे. प्रतिस्पर्धी परंपरेची नियमावली छापून घ्यावी आणि न वाचताच जाळून टाकावी, असा उपदेश त्याच्या आरंभीच आहे. ओळ आठ अक्षरे आत सरकवल्याने मजकूर फार उजवीकडे जातो, अशी कोणी तक्रार केली तर लेखकाचे उत्तर असे की, तीनहून अधिक पायऱ्या लागत असतील तर दोष तुमच्या रचनेतच आहे. हा विनोद खरा आहे, जिवंत आहे, आणि त्याच्या जोडीला कारणही दिलेले आहे. वीस तास पडद्याकडे पाहिल्यावर डोळ्यांना काय दिसते याचा अनुभव त्यात बोलतो. व्यक्तिमत्त्वाचा ठसा उमटलेली नियमावली दुर्मिळ. ही त्यांपैकी एक होय.

पॅच कसे पाठवावेत हे सांगणाऱ्या ‘सबमिटिंगपॅचेस’ या लेखाची गोष्ट अशीच. पॅच म्हणजे मूळ मजकुरात कोणत्या ओळी गेल्या व कोणत्या आल्या हे दाखवणारा छोटा मजकूर. तो साध्या ईमेलने पाठवावयाचा असतो. या लेखास पूर्वी एक उपशीर्षक होते. त्यात टोरवाल्ड्स हे जणू घरी आणलेले एखादे यंत्र असून त्याची निगा कशी राखावी व ते कसे चालवावे हे येथे सांगितले आहे, असा विनोद केलेला होता. शे-दोनशे परिचितांच्या मंडळात हा विनोद निखळ होता. पण विनोदाला पूर्वपरिचय लागतो. ज्याने त्या माणसाचे नाव फक्त दुरून ऐकले आहे, त्या वाचकास हे शीर्षक एवढेच सांगते की, येथे सर्वजण एकमेकांना ओळखतात. तुला मात्र कोणी ओळखत नाही. लेखनाचा हेतू स्वागताचा, परिणाम अलिप्ततेचा. वाचकवर्ग बदलला की तोच मजकूर निराळा अर्थ देऊ लागतो हे साहित्याच्या अभ्यासकास नवे नाही. येथे त्याची किंमत प्रत्यक्ष मोजावी लागते, एवढाच फरक.

असे लेख ‘डॉक्युमेंटेशन’ नावाच्या एकाच निर्देशिकेत वर्षानुवर्षे एकावर एक पडत गेले. एखाद्या उपकरणाचे टिपण, त्याशेजारी व्यवस्थापनाच्या रीतीवरचा टोरवाल्ड्स यांचा २००४ मधील उपरोधिक निबंध, त्याशेजारी कर्नलच्या अंतर्गत रचनेस स्थैर्याचे वचन का देता येत नाही हे आवेशाने सांगणारा ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचा लेख. वर्गीकरणाचे तत्त्व काही असलेच तर ते वर्णक्रमाचे. महत्त्वाच्या काही लेखांची नावे रोमन मोठ्या अक्षरांनी सुरू होत, त्यामुळे यादीत ती वर येत. ग्रंथालयाची कल्पना नसलेल्या घरात जरुरीची कागदपत्रे देव्हाऱ्यामागे ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. घरच्या माणसाला ती सापडतात.

२००५ मध्ये क्रोआ-हार्टमन यांनी ‘हाउटू’ हा लेख लिहिला, तो या अव्यवस्थेवरचा पहिला जाणीवपूर्वक उपाय होय. या विषयावरचे सर्व काही येथे आहे अशी ग्वाही हा लेख प्रारंभीच देतो, आणि काही शिळे झालेले आढळल्यास दुरुस्तीचा पॅच पाठवा असे लगोलग सांगतो. या दोन विधानांतील विसंगती वरवरची आहे. किंबहुना तीच या गद्यप्रकाराची प्रकृती होय. संहिता अंतिमतेचा दावा करते आणि त्याच श्वासात वाचकास सहलेखक होण्याचे आमंत्रण देते. मात्र ‘हाउटू’चे खरे स्वरूप वाचनसूचीचे आहे. हे वाचा, मग ते वाचा, त्याआधी सी भाषा शिकून या, असे तो सांगतो. पुढे कोणत्या क्रमाने काय घडते याची कथा त्यातून उभी राहत नाही.

ती कथा प्रथम सांगितली जोनाथन कॉर्बेट यांनी, २००८ मध्ये. विकास-प्रक्रियेवरील त्यांचे आठ प्रकरणांचे हे लेखन आमच्या मते या साऱ्या संग्रहातील सर्वोत्कृष्ट गद्य होय. आणि त्याची श्रेष्ठता भाषेपेक्षा रचनेत अधिक आहे. प्रकरणांचा क्रम लेखकाच्या तक्रारींवरून ठरलेला नसून नवागताच्या मार्गक्रमणावरून ठरलेला आहे. प्रस्तावनेनंतर प्रक्रियेचे स्वरूप येते, त्यानंतर एक ओळही लिहिण्यापूर्वीचा विचार, मग लेखन, मग ते पाठवणे, आणि सहाव्या प्रकरणात पाठवून झाल्यानंतरचे दिवस. हे सहावे प्रकरण विशेष वाचनीय आहे. बहुतेक सर्व मार्गदर्शिका पॅच पाठवण्यापाशी संपतात. जणू पत्र पेटीत टाकले की पत्रव्यवहार पुरा झाला. कॉर्बेट मात्र सांगतात की, खरे काम येथून पुढे सुरू होते. परीक्षक दोष दाखवतील, त्यांचे म्हणणे पटणार नाही, तरी उत्तर द्यावे लागेल, आणि पॅच स्वीकारला गेला तरी जबाबदारी सरणार नाही. हे लेखन विकासकांना उद्देशून आहे, तसेच त्यांच्या वरिष्ठांनाही आहे. कंपनीच्या वेळापत्रकास या समुदायाचा वेग का मानवत नाही, हे वरिष्ठांस समजावून देण्याचे काम त्या बिचाऱ्या विकासकावर येऊन पडते, ही गोष्ट लेखकाने ओळखली आहे. वाचक एकटा नसतो, त्याच्या मागे त्याला जाब विचारणारा कोणीतरी असतो, ही जाण सूचनात्मक गद्यात विरळाच आढळते.

त्यानंतर २०१६ मध्ये मोठी फेररचना झाली. तोवर काही पुस्तके डॉकबुक नावाच्या जड पद्धतीत, तर बाकीचे लेख निव्वळ साध्या मजकुरात होते. ते स्फिंक्स या साधनावर आणण्याचे काम सुरू झाले आणि त्यासोबत विषयांचे नवे कप्पे पाडण्यात आले. यंत्रणा सांभाळणाऱ्यांसाठी एक, उपकरणांचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांसाठी एक, साधनांविषयी एक, आणि योगदानाच्या पद्धतीविषयी ‘प्रोसेस’ या नावाचा एक. वर्णक्रमाच्या जागी वाचक हे वर्गीकरणाचे तत्त्व आले, ही प्रगती निःसंशय होय. एक लहानशी गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. ‘सबमिटिंगपॅचेस’ व ‘कोडिंगस्टाइल’ हे लेख नव्या जागी हलविताना जुन्या जागी त्याच नावाच्या एकदोन ओळींच्या चिठ्ठ्या ठेवण्यात आल्या, ‘हा लेख अमुक ठिकाणी गेला आहे’ अशा. जुन्या पत्त्यावर येणाऱ्या माणसाची ही काळजी आम्हांस फेररचनेतील सर्वांत सुसंस्कृत कृती वाटते.

परंतु कप्पे बदलले म्हणजे मांडणी बदलली असे होत नाही. ‘प्रोसेस’ या कप्प्यात आज डोकावले तर पॅच कसा पाठवावा हे ‘हाउटू’मध्ये एकदा, कॉर्बेट यांच्या पाचव्या प्रकरणात दुसऱ्यांदा आणि मूळ लेखात तिसऱ्यांदा सांगितलेले आढळते. पुनरुक्ती हा नेहमीच दोष असतो असे नाही. अध्यापकास एकच गोष्ट तीन प्रकारे सांगावी लागते आणि तिसऱ्या वेळी ती कळते. येथील अडचण निराळी आहे. या तीनपैकी प्रमाण कोणते हे वाचकास कोठेही स्पष्टपणे कळत नाही. आमचा मुख्य आक्षेप त्याहून पुढचा आहे. नियम आणि नियमाची वकिली या दोहोंमधील भेद या संग्रहाने पाळलेला नाही.

आपल्याकडे मीमांसकांनी विधी व अर्थवाद असा भेद केला. अमुक करावे हा विधी; ते का स्पृहणीय आहे हे रंगवून सांगणारा तो अर्थवाद. दोहोंचे प्रामाण्य एकाच जातीचे नव्हे. कर्नलच्या अनुक्रमणिकेत पुढे ‘धोरणे व विकासकांची निवेदने’ अशा आशयाचा एक गट करण्यात आला. त्यात परवान्याचे नियम आहेत, २०१८ मध्ये स्वीकारलेली आचारसंहिता आहे आणि स्थिर रचनेविरुद्धचा तो जुना आवेशपूर्ण लेखही आहे. पहिल्याचे उल्लंघन झाल्यास काम नाकारले जाईल, दुसरीचे उल्लंघन झाल्यास माणसावर कारवाई होऊ शकेल, आणि तिसऱ्याशी मतभेद झाल्यास बहुधा फक्त वाद होईल. शीर्षकात ‘व’ हे उभयान्वयी अव्यय घालून संपादकांनी दोन्ही जाती एका छत्राखाली आणल्या खऱ्या. पण कोणत्या लेखाची जात कोणती हे वाचकाने अंदाजाने ओळखावे अशीच अपेक्षा राहिली. जुन्यास ते ठाऊक असते. नवागत एक तर प्रत्येक वाक्यास कायदा समजून भयभीत होतो, नाहीतर प्रत्येक वाक्यास थट्टा समजून ठेच खातो.

याचे अत्यंत बोलके उदाहरण म्हणजे ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ. प्रत्येक पॅचच्या शेवटी पाठवणाऱ्याने आपले नाव या शब्दांसह लिहावयाचे असते. त्यायोगे तो चार कलमांच्या एका उगम-प्रमाणपत्रास संमती देतो : हे काम माझे आहे, किंवा योग्य परवान्याखालील पूर्वीच्या कामावर आधारलेले आहे, किंवा अशीच हमी देणाऱ्या दुसऱ्याने मला दिलेले आहे, आणि ही नोंद सार्वजनिक राहील हे मला मान्य आहे. ही प्रथा २००४ मध्ये सुरू झाली. त्याआधी मार्च २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला होता, आणि कर्नलमधील कोणती ओळ कोणाकडून आली हे सिद्ध करण्याची निकड त्या वादातून पुढे आली होती. प्रत्यक्ष लेखात या दाव्याचा उल्लेख नाही. कोणी काय केले याचा माग ठेवण्यासाठी ही ओळ आहे, एवढेच तेथे म्हटले आहे. महानुभाव सूत्रांस प्रकरणाची जोड का द्यावी लागली हे मराठीच्या अभ्यासकास सांगावयास नको. प्रसंग हरपला की सूत्र उरते, पण ते कोणत्या दिशेने ताणावयाचे याचे भान उरत नाही.

तसेच येथे घडले. या ओळीच्या स्पष्टीकरणात २००६ मध्ये क्रोआ-हार्टमन यांनी एक वाक्य घातले. आपले खरे नाव वापरा, टोपणनाव किंवा निनावी योगदान चालणार नाही, असा त्याचा आशय होता. हेतू एवढाच की, पुढे प्रश्न उद्भवल्यास ज्याच्याकडे जाता येईल असा कोणी असावा. परंतु ‘खरे नाव’ या दोन शब्दांत पुढील काळाने निराळाच अर्थ भरला. ज्यांचे प्रचलित नाव सरकारी कागदावरील नावाहून भिन्न आहे, ज्यांनी नाव बदलले आहे, ज्यांना आडनावच नाही (तमिळ समाजातील कित्येकांची गोष्ट आपणांस परिचित आहे), त्या सर्वांनी हे वाक्य आपल्याविरुद्ध वाचले तर त्यांना दोष कसा द्यावा? इतर प्रकल्पांनीही हे प्रमाणपत्र उचललेले होते. तेथे या शब्दांवर दीर्घ चर्चा झाल्या आणि कित्येकांनी आपापली भाष्ये लिहिली. मूळ संहिता मात्र तशीच राहिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये टोरवाल्ड्स यांनी स्वतः ते वाक्य बदलले. ‘खरे नाव’ जाऊन ‘ज्ञात ओळख’ आली, टोपणनावावरील निषेध गेला, निनावीपणावरचा तेवढा राहिला. टोपणनावे आम्ही नेहमीच स्वीकारत आलो होतो आणि त्या वाक्याचा उद्देश कोणास बाहेर ठेवण्याचा कधीच नव्हता, असे त्यांनी बदलाच्या टिपणात नमूद केले.

या खुलाशाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण समीक्षकास त्यातून निष्पन्न होणारी गोष्ट सांगितलीच पाहिजे. सतरा वर्षे संहिता एक म्हणत होती आणि व्यवहार दुसरेच चालत होता. आतल्यांना व्यवहार ठाऊक होता, म्हणून त्यांना संहिता खटकली नाही. बाहेरच्यांपाशी संहितेखेरीज काही नव्हते, म्हणून त्यांनी ती प्रमाण मानली. जे या वाक्यापाशी थबकून परत गेले त्यांची नोंद कोठेही असणे शक्य नाही. मार्गदर्शक लेखनातील चुकीचा हा स्वभावच आहे की, तिचा पुरावा मागे राहत नाही. कार्यक्रमातील चूक यंत्र बंद पाडून स्वतःची जाहिरात करते. वाक्यातील चूक एखाद्या माणसाला नुसतीच येऊ देत नाही.

संहिता आणि व्यवहार यांमधील आणखी एक नाते पाहण्यासारखे आहे. ओळीची लांबी ऐंशी अक्षरांपर्यंत ठेवावी हा ‘कोडिंगस्टाइल’मधील जुना नियम. पॅच तपासणारे ‘चेकपॅच’ नावाचे एक साधन कर्नलसोबतच मिळते. ऐंशीची मर्यादा ओलांडली की ते इशारा देत असे. मे २०२० मध्ये या साधनाची मर्यादा शंभरवर नेण्यात आली. लेखात मात्र ऐंशी हीच पसंतीची मर्यादा राहिली. वाचनीयता वाढत असेल तर ती ओलांडावी, अशी मुभा तेवढी स्पष्ट झाली. म्हणजे आता लेख ऐंशी म्हणतो आणि यंत्र शंभरापर्यंत मौन पाळते. नव्वद अक्षरांची ओळ लिहिणाऱ्याने कोणाचे ऐकावे? लेख विवेकावर सोपवतो, आणि तात्त्विक दृष्ट्या ते योग्यही आहे. पण ज्या नवागताने यंत्राची तपासणी निर्दोष पार केली आहे, त्यास परीक्षकाने ऐंशीची आठवण करून दिली तर आपली फसवणूक झाली असेच त्यास वाटणार. जेथे साधन बोलते तेथे लेख वाचला जात नाही. संपादकांनी हे गृहीत धरूनच नियमाची दोन रूपे एकमेकांशेजारी ठेवावयास हवी होती.

कर्नलसारखा अवाढव्य प्रकल्प एका नियमावलीत मावणार नाही हेही उघड आहे. त्याचे शेकडो विभाग, आणि प्रत्येकाचा सांभाळ करणारा मेंटेनर वेगळा. बहुतेकांच्या आवडीनिवडी अलिखित होत्या. पॅच परत आल्यावरच त्या कळत. अलीकडच्या वर्षांत विभागवार पुस्तिका लिहिण्याची प्रथा पडली, आणि मेंटेनरांच्या मोठ्या यादीत ‘पी’ या अक्षरापुढे अशा पुस्तिकेचा पत्ता देण्याची सोय झाली. वैयाकरणांच्या परिभाषेत, उत्सर्ग लिहिलेला होता, अपवाद आता लिहिले जाऊ लागले. नेटवर्किंग विभागाची पुस्तिका या दृष्टीने चांगली आहे. पॅचच्या विषयओळीत दोन शाखांपैकी कोणती ते लिहा. एका मालिकेत पंधराहून अधिक पॅच नकोत. स्थानिक चलांच्या घोषणा लांब ओळीकडून आखूड ओळीकडे उतरत्या क्रमाने लावा. नवी सुधारित मालिका चोवीस तासांच्या आत पुन्हा पाठवू नका. सर्वसाधारण लेख सांगतो की, उत्तर यावयास दोन-तीन आठवडे लागू शकतात, निदान एक आठवडा तरी वाट पाहा. नेटवर्किंगची पुस्तिका म्हणते की, आमच्याकडे बहुधा अठ्ठेचाळीस तासांत दखल घेतली जाते. दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु अपवाद कोठे आहे हे उत्सर्गाच्या शेजारी सांगितलेले नसेल, तर ज्यास अपवाद लागू आहे तोच तो वाचावयाचा राहतो.

येथे पायथॉनच्या विकासकांसाठी असलेल्या मार्गदर्शिकेशी थोडी तुलना उद्बोधक ठरेल. ती २०११ मध्ये ब्रेट कॅनन यांनी पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या अनुदानावर नव्याने लिहिली. एका हाताने लिहिली गेल्यामुळे तिला एक आवाज लाभला, आणि नवागताने पहिल्या तासात काय करावे हे तिच्या प्रारंभीच येते. फेब्रुवारी २०१७ मध्ये पायथॉनचा मूळ मजकूर गिटहबवर हलविला गेला तेव्हा पुष्कळ पाने बदलावी लागली, तरी तो आवाज टिकला. मात्र ही मार्गदर्शिका पायथॉनच्या मूळ मजकुरापासून वेगळ्या कोठारात ठेवलेली आहे. कर्नलचे लेख कर्नलच्याच झाडावर वाढतात. ज्या पॅचने वागणूक बदलते त्याच पॅचने तिचे वर्णनही बदलता येते, आणि दहा वर्षांपूर्वीची आवृत्ती काढली तर तिच्यासोबत त्या वेळचे नियमही हाती येतात. संहितेच्या इतिहासात रस असणाऱ्यास ही सोय अमोल आहे. वर सांगितलेला २०२३ चा बदल कारणासह वाचता येतो तो यामुळेच. लेख आणि विषय एकत्र नांदल्याने सत्यता राहते, वेगळे काढल्याने सुसूत्रता येते. दोन्ही एकदम साधणारा प्रकल्प आमच्या पाहण्यात नाही. निवड करावयाची झालीच तर आम्ही कर्नलची पद्धत पसंत करू. पण तिला कॉर्बेट यांच्यासारखा संपादक लाभला नसता तर ही पसंती आम्ही इतक्या सहज दिली नसती.

मांडणीचा विचार झाला तरी भाषेचा प्रश्न उरतो. ‘हाउटू’ची जपानी, कोरियन व चिनी भाषांतरे २००७ पासून कर्नलसोबत येऊ लागली, पुढे इटालियन आली, २०२२ मध्ये स्पॅनिश आली. २०२४ पर्यंत तरी या संग्रहात एकही भारतीय भाषा नव्हती, आणि कर्नलवर काम करणारे भारतीय संख्येने थोडे नाहीत. ते इंग्रजी जाणतात, त्यांस भाषांतराची गरज नाही, असे उत्तर यावर मिळते. ते अर्धेच खरे आहे. पॅचसोबतचे निवेदन इंग्रजीतच लिहावे लागणार, हे मान्य. पण नियम समजणे आणि नियमामागचा सूर समजणे या दोन भिन्न गोष्टी होत. आठ अक्षरांच्या नियमातील विनोद, उपरोध, अतिशयोक्ती हे इंग्रजी पाठ्यपुस्तकावर वाढलेल्या विद्यार्थ्यास आज्ञार्थी वाक्यांसारखेच दिसतात. मराठी भाषांतरकारास प्रत्येक ठिकाणी ठरवावे लागेल की, येथे विधी आहे की अर्थवाद. आणि ठरवता आले नाही तर दोष मूळ लेखाचा आहे हे उघडकीस येईल. भाषांतर ही मांडणीची कसोटी म्हणूनही करण्यासारखी गोष्ट आहे. पदव्युत्तर वर्गातील दोघातिघांनी केवळ ‘सबमिटिंगपॅचेस’ हा एक लेख त्या दृष्टीने हाती घेतला तर एका प्रबंधाची सामग्री जमेल.

असे काम कोणी हाती घेतलेच तर एका परिच्छेदाकडे त्याने अवश्य लक्ष द्यावे. पाठवलेल्या पॅचला उत्तर आले नाही तर खचू नये आणि घाईही करू नये. दोन-तीन आठवडे लागतात. आठवडा उलटल्यावर आठवण द्यावी. नव्या आवृत्तीसाठी बदल गोळा करण्याचे दोन आठवडे चालू असतील तर त्याहूनही अधिक थांबावे, असे त्यात सांगितले आहे. मेंटेनर हाही माणूस असतो, त्याच्यापुढे शेकडो पत्रे पडलेली असतात, हे सहानुभूतीने सांगणारे एवढे आश्वासक गद्य त्या लेखात दुसरे नाही. ते येते बदलाचे विभाजन, वर्णन, शैली-तपासणी, कोणास पाठवावे, पत्रास जोडपत्र का लावू नये, परीक्षकांस उत्तर कसे द्यावे या सर्वांनंतर. पहिला पॅच पाठवून बसलेल्या विद्यार्थ्यास तिसऱ्या दिवशी या परिच्छेदाची सर्वांत अधिक गरज असते, आणि पाठवण्यापूर्वी लेख चाळताना बहुधा तो तेथवर पोचलेला नसतो. हा परिच्छेद लेखाच्या अग्रभागी आणण्यास एक पॅच पुरे आहे.